याडीचा अर्थ

पांढरकवडा,
१२ डिसेंबर २००६

प्रिय भैरवी,

"ज्या लेकराचं बोट धरलं, त्याले घरापर्यंत पोचवा लागते." माझी आई हे म्हणाली तेव्हा आपण तिसरीत होतो. दारव्ह्याच्या बाजारात तू हरवली होतीस. बांगड्यांच्या दुकानापाशी रडताना आईला दिसलीस आणि तिनं तुला थेट तुझ्या बाबांच्या, कमलाकरकाकांच्या कचेरीत नेऊन सोडलं. काका तिचे आभार मानायला लागले, तर तिनं त्यांना हे ऐकवलं. त्या दिवसापासून तूही तिला माझ्यासारखीच 'याडी' म्हणायला लागलीस. तांड्याबाहेर तिला आई म्हणणारी तू एकटीच.

यंदा कापूस भावाची वाट बघत घरात पडून आहे आणि माणसं टीव्हीसमोर. कुठल्या लांबच्या शहरातल्या त्या मारलेल्या चिमुकलीचा फोटो महिनाभर दाखवत होते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं यायची थांबली. मीही घाबरले, खोटं कशाला सांगू? तिचा घात सख्ख्या काकानं केला होता, ही बातमी मात्र एकदाच, दोन ओळींत आली. तोवर सगळ्यांच्या डोक्यात मुलं पळवणारी टोळी बसली होती. परक्या पोशाखातली, परकं बोलणारी.

त्याच दिवसांत तुझी लेक स्पृहा दारव्ह्याच्या त्याच बाजारात तुझ्या हातून सुटली. आईनं तिचं बोट धरलं. रडत्या लेकराशी ती आमच्याच बोलीत बोलते, तशी विचारत राहिली, याडी? याडी? "कोणती भाषा बोलून राह्यली बे हे?" कोणीतरी ओरडलं. मग तिची आरशांची ओढणी फाटली, चपला बसल्या. संध्याकाळी पोलिसांनी सोडलं. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो, खाली 'टोळीतील संशयित महिला'. सोडल्याचं कोणी छापलं नाही.

तेव्हापासून आई बाजारात गेलेली नाही. परवा एवढंच म्हणाली, भैरवी तिथंच उभी होती, तिनं मला ओळखलं. ती तुला दोष देत नाही. मी देते. त्या गर्दीत याडीचा अर्थ तुला एकटीला माहीत होता.

पेपरवाल्यांच्या मागे मी लागलेच आहे. पण त्याआधी, ती ओढणी मी शिवली आहे. येत्या बाजाराच्या दिवशी आईला तोच पोशाख घालून घेऊन येणार, अकरा वाजता, बांगड्यांच्या त्याच दुकानापाशी. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. तरी मागते. स्पृहाला घेऊन ये, आणि सगळ्यांदेखत तिचं बोट याडीच्या हातात दे.

तुझीच,
पुष्पा