गाडीच्या मापाचं गॅरेज

१० जानेवारी २००८
आली! आली! लाखाची गाडी आली! म्हणजे दिल्लीच्या प्रदर्शनात आली, पण आली. टीव्हीवर बघितली आणि मी चक्क सोफ्यावर उभा राहिलो. निकिता म्हणाली, पप्पा, उतरा, सोफा बसेल. पंधरा वर्षांची पोर, तिला काय कळणार? मोठ्या गाड्यांचं युग आज संध्याकाळी संपलं, आणि ते संपलं तेव्हा तिचा बाप सोफ्यावर उभा होता.
निश्चय : नाशिकमधली पहिली गाडी आपल्या दारात.

१३ जानेवारी
स्कूटर विकली. लाखाची गाडी येणार असताना स्कूटर ठेवायची म्हणजे सरळसरळ अविश्वास झाला. मोहिनी म्हणाली, अहो, गाडी येईपर्यंत तरी ठेवायची. बायकांना दूरचं दिसत नाही.
ऑफिसला चालत गेलो. सिडकोतून पाटबंधारे खात्यापर्यंत चालणं उत्तम व्यायाम आहे. उशीर झाल्याबद्दल साहेब बोलले.

२० जानेवारी
मोहिनीचा भाऊ सावळीराम येवल्याहून जीप घेऊन आला. ती जीप डिझेल पीत नाही, ढोसते. मी त्याला छोट्या गाडीचं तत्त्वज्ञान समजावलं. कमी लोखंड, कमी इंधन, कमी जागा, कमी हप्ता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो कसा, दाजी, लय बारकी हाय, माझ्या ट्रॉलीत कांद्याबरोबर बसंल.
हसा. डायनोसॉरसुद्धा संपण्याआधी हसलेच असतील.

२७ जानेवारी
गॅरेजचा प्रश्न. घराच्या बाजूला जागा एकच, मोहिनीची शेड. तिथे तिचं फॉल-पिकोचं काम चालतं. माहेर येवल्याचं, त्यामुळे पैठणीवाल्या बायका लांबलांबून तिच्याकडे येतात. निकिताची फी त्यातूनच जाते, हे मी मान्य करतो. पण काळ कोणासाठी थांबत नाही.
मोहिनीने हातातल्या साडीची कड पुरी केली. मग म्हणाली, घ्या शेड. पण दसऱ्याला गाडी आत आली पाहिजे आणि तुम्ही चालवत आणली पाहिजे. नाहीतर शेड माझी, आणि पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही.
हसत हसत कबूल केलं. दसरा म्हणजे किती लांब!

३ फेब्रुवारी
आज मला एकदम सुचलं आणि मी टेबलावर हात आपटला. शेडच्या मधोमध भिंत! एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला मोहिनीचं मशीन. गाडी लहान असण्याचा फायदा बायकोलाही! पेपरातून माप मिळालं. दहा फूट लांब, पाच फूट रुंद. रात्री प्लॅन काढला. अर्धा जन्म धरणांचे नकाशे ट्रेस करण्यात गेला आहे, आपल्या हातून रेघ इकडची तिकडे होत नाही. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. एक बोटही वाया नाही. सौंदर्य म्हणतात ते हेच.

२४ फेब्रुवारी
गोटीराम मिस्त्रीने भिंत बांधली. प्लॅनबरहुकूम. मशीन तिच्या भागात बरोबर बसलं. मोहिनी आत गेली, तशीच उलटी बाहेर आली. म्हणाली, मशीन मावलं, मी कुठे बसू?
तपशील. मोठ्या कामात असे तपशील निघतातच. तूर्त तिने मशीन जेवणाच्या टेबलाशेजारी हलवलं आहे.

५ जून
पेट्रोल वाढलं! मी पेढे आणले. ऑफिसात वाटले. कोणी घेईना. म्हटलं, अरे, जितकं महाग होईल तितकी माझी गाडी खरी ठरेल! देशपातळीवर माझ्या बाजूने निकाल लागतो आहे आणि हे लोक पेढ्याकडे संशयाने बघतात.
येताना पाऊस. चालत. छत्री ऑफिसात राहिली.

१९ ऑगस्ट
वाईट दिवस. जेवताना माझ्या हातून आमटी सांडली, ती मशीनवरच्या पैठणीवर. लग्नाची होती, मोरपंखी. मोहिनीने डाग काढायला काय काय केलं, पण राहिलाच. गिऱ्हाईक बाई दारात रडली. मोहिनीने तिला आपली स्वतःची पैठणी दिली, लग्नातली.
मला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
निश्चय : यापुढे मशीन चालू असेल तर ताट हातात घेऊन जेवायचं.

७ ऑक्टोबर
बातमी! कारखाना बंगालातून हलवून गुजरातला नेणार. ऑफिसात सगळे म्हणाले, बोंबललं तुमचं. मूर्ख आहेत. बंगाल कुठे, गुजरात कुठे! सापुताऱ्याला पोचलं की गुजरात. गाडी जवळ जवळ येते आहे.

९ ऑक्टोबर, दसरा
गाडी नाही. पण पूजा चुकवायची नाही म्हणून गॅरेजच्या फरशीवर खडूने गाडी काढली, खऱ्या मापाची. चार चाकांवर चार फुलं ठेवली. शेजारचे बघायला आले. एकाने विचारलं, ॲव्हरेज किती देते?
मोहिनीकडे एक वर्ष मुदत मागितली. म्हणाली, दिली. शेवटची.

१२ एप्रिल २००९
बुकिंग केलं! गाडी सोडतीने मिळणार म्हणे. माझा नंबर लागणारच. एवढी श्रद्धा दुसऱ्या कोणाची असेल?
सहादूच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. जोडीने आलं तर फी कमी, म्हणून मोहिनीचंही घातलं. निव्वळ सवलतीसाठी.

३ मे
ड्रायव्हिंग हे माझ्या रक्तात आहे. पुढे जायचं असेल तर. सहादू सारखा म्हणतो, साहेब, रिव्हर्स शिका. त्याला सांगितलं की रिव्हर्स ही मोठ्या गाडीवाल्यांची लाचारी आहे. छोटी गाडी मागे घ्यायची नसते, वळवायची असते.  यावर तो नुसता मान हलवत बसला.
मोहिनीने आज रस्त्यात उभ्या एका जीपच्या मागे स्कूलची गाडी उलटी लावून दाखवली. आश्चर्य म्हणजे लागली.

२५ जून
नंबर लागला!!! गल्लीभर पळत सांगितलं. एक चप्पल कुठेतरी पडली, मिळाली नाही.

१४ ऑगस्ट
लायसन्सची टेस्ट. मोहिनी पास. मी तत्त्वावर नापास. मागे घ्या म्हणाले. मी गोल वळून गाडी थेट त्यांच्या पुढ्यात आणून उभी केली. परीक्षक टेबलामागे गेले.
काही बिघडत नाही. शिकाऊ लायसन्स आहे, शेजारी मोहिनी आहे.

२८ सप्टेंबर, दसरा. सकाळ
आली! पिवळीधमक! शोरूममधून मोहिनीने चालवत आणली, मी शेजारी बसून हॉर्न सांभाळला. गल्लीत एकही माणूस घरात राहिला नाही. सावळीरामही जीप घेऊन आला आहे, बरं झालं, बघू दे. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, मोहिनीने गाडीला ओवाळलं. मला वाटतं तिच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराने असेल.
आता गॅरेजमध्ये मी स्वतः नेणार. एकटा. डायरी बरोबर घेतो आहे, अशा क्षणांची तिथल्या तिथे नोंद पाहिजे.

सकाळीच. गाडीतून
गेली! आरसा मिटवला, श्वास धरला आणि सरळ आत! भिंतीला धक्कासुद्धा नाही. बाहेर टाळ्या! प्लॅन तो प्लॅन! शर्त जिंकली!
दार उघडतो आहे.
दार चार बोटं उघडतं.

दुपार. गाडीतच
बाहेरून सारखं विचारतात, काय झालं? सांगितलं, नव्या गाडीत जरा बसतो आहे. बसायला मस्त आहे. डाव्या बाजूचं दारही तेवढंच उघडतं. मागून उघडणारं दार या गाडीला नाही, त्यात पत्रा वाचतो. या मुद्द्यावर मी ऑफिसात भाषण दिलं होतं.
निकिताने मागून वाकून बघितलं आणि म्हणाली, पप्पा, तुम्ही प्लॅनमध्ये गाडी काढली, माणूस काढायला विसरलात. तिला म्हटलं, आधी बारावी पास हो.
तिने पिशवीत पुऱ्या घालून, पिशवी पडद्याच्या दांडीला अडकवून खिडकीपर्यंत पोचवली. श्रीखंड असं येत नाही.

दुपार टळल्यावर
लोक सोनं द्यायला येत आहेत. मी बाहेर येऊ शकत नाही, म्हणून आपट्याची पानं मागच्या काचेवर ठेवतात, नमस्कार करतात आणि जातात. आतून हात जोडतो. त्यांना दिसत नसणार.
काचेतून आता मागचं काही दिसत नाही. नाहीतर रिव्हर्स घेतलीच असती.

संध्याकाळ
घेतली. रिव्हर्स म्हणून जो गियर पडला तो पहिला निघाला. समोरची भिंत आली. त्या गडबडीत स्टिअरिंग फिरलं आणि गाडी दोन भिंतींमध्ये तिरकी रुतली. लहान गाडीसुद्धा तिरकी झाली की मोठीच असते. हा मुद्दा कोणी मांडलेला नाही.
सावळीरामने जीप लावली, दोरखंड बांधला. ओरडला, दाजी, न्यूट्रलला टाका आन् कशाला हात लावू नका. जीपने गुर्रर्र केलं. पिवळी बाहेर आली आणि मधली भिंत तिच्याबरोबर आली. लोकांनी सकाळपेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या.
मी बाहेर पडलो तर मोहिनी हसत नव्हती. विटा ओलांडून आत गेली. शेडच्या मध्ये उभी राहून तिने दोन्ही हात पसरले. कुठे लागले नाहीत. तशीच उभी राहिली.
मी म्हटलं, शर्तीप्रमाणे गाडी दसऱ्याला आत होती आणि मीच चालवत नेली होती. मोहिनी म्हणाली, हो, तुम्ही जिंकलात. मग हळूच विचारलं, आता सांगा, मी कुठे बसू?
 म्हटलं, इथेच बस.
उदार मनाने शेड परत दिली, अशी नोंद करतो.

४ ऑक्टोबर
गाडी रस्त्यावर, कव्हरखाली. हवा खेळती राहते. मोहिनीच्या शेडमध्ये बायकांची गर्दी. तयार साड्या ती आता स्वतः गाडीने घरपोच देते. त्यामुळे गाडी मला मिळत नाही. म्हणजे योजना यशस्वी झाली. सामान्य माणसाची गाडी सामान्य माणसाच्या पोटापाण्याला लागली. तो माणूस मी नाही, एवढाच फरक.
निश्चय : रिव्हर्स. दिवाळीनंतर.

२० ऑक्टोबर, भाऊबीज. एसटीत
सगळे येवल्याला निघालो. मोहिनीने साड्यांचे बॉक्स लावले, मागची सीट काचेपर्यंत भरली. पुढे दोनच माणसं. निकिताला एसटी लागते, ती त्यात बसणार नाही. मोहिनीने माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, माझं वजन कमी झालं की ॲव्हरेज वाढेल. तिने लगेच मान्य केलं. इतक्या लगेच मान्य करील असं वाटलं नव्हतं.
विंचूरच्या अलीकडे मागून हॉर्न. ओळखीचा. पिवळी आली, एसटीला ओव्हरटेक करून झपकन पुढे गेली. मोहिनी काहीतरी बोलत होती आणि तोंड भरून हसत होती. इतकी वर्षं संसार झाला, मी तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. फार आनंद झाला. आणि फार वाईट वाटलं, का ते कळलं नाही.
राहवेना. शेजारी खिडकीशी बसलेल्या आजोबांना म्हटलं, ती बघा, ती पिवळी, ती माझी गाडी आहे.
आजोबांनी गाडीकडे बघितलं. माझ्या हातातल्या तिकिटाकडे बघितलं. मग उठले आणि खिडकीची जागा मला दिली.