भिंतीवरचा तेलाचा डाग

माय,

मी तुझा थोरला मुलगा. वाणिज्य शाखेचा पदवीधर, मंगरूळपीरच्या एका अडत दुकानात हिशेबनीस, अविवाहित. स्वयंपाकघरातल्या ज्या भिंतीला टेकून तू बसायचीस, तिचा गिलावा मला काढावा लागला. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याची शक्यता नाही, म्हणून मीच लिहितो आहे.

सुरुवात वासाने झाली. बेसिनचा पाइप मी भिंतीच्या आतून घेतला होता; बाहेरून गेलेला पाइप माझ्या डोळ्यांना खुपतो. त्याचा सांधा आतल्या आत झिरपत राहिला. कपाटात कोंदट वास येऊ लागला तेव्हा डाळ खराब झाली असे समजून मी डबे उन्हात ठेवले. मग कपाट सरकवले, तर मागे काळी बुरशी पसरलेली, आणि तिची कड तुझ्या डोक्याच्या तेलाने पडलेल्या डागापर्यंत आलेली.

आम्ही भावंडे नुसती त्या भिंतीजवळ गेलो तरी तू ओरडायचीस, "डोकं काहून टेकून राह्यला भितीले? आत्ताच चुना मारला ना!" आणि दुपारी काम आटोपले की तेल चोपडलेले डोके टेकवून तिथे तूच बसायचीस. बाबा हसले की म्हणायचीस, "माह्या डोक्याचा भार ही भितच घेते. तुमी घेतला का कधी?" तू गेल्यानंतर दर दिवाळीला मी तिथे रंग दिला, आणि दर वेळी डाग पुन्हा वर आला. त्यावरून रंगवाल्याशी भांडलोही. पुढे रंग देणे सोडले आणि ताट डागासमोर मांडू लागलो. जेवताना तिथे कोणी बसले आहे असे मला वाटत नाही. मी तेवढा भाबडा नाही. कोणीतरी तिथून नुकतेच उठून गेले आहे, एवढेच वाटते.

प्लंबरने भिंत फोडून सांधा बदलला. ओल मात्र हटेना. पुसलेली बुरशी परत येई, आणि सकाळी उठताच मला खोकला लागे. शेवटी गवंडी बोलावला. डागाभोवती खडूने रेघ ओढून मी त्याला सांगितले, एवढा भाग सोडा.

"भाऊ, लोकं डाग काढाले बलावतात. तुमी त ठेवाले बलावलं!"

"माह्या मायचा हाय तो."

त्याने हातोडी खाली ठेवली. "मंग तुमीच हात लावून पाहा. मी काई म्हणत नाही."

मी बोटांनी दाबले. गिलावा भिजल्या पोह्यांसारखा आत गेला, ओली रेती हाताला लागली. खडूची रेघ मीच पुसली, "काढा" म्हणालो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आत ठोकाठोक चाललेली. मध्येच तो ओरडला, "भाऊ, चहा तरी मांडा! का तेबी भितीलेच सांगाचं?" या घरात इतक्या मोठ्याने कोणी बोलल्याला बराच काळ लोटला होता. मी चहा दोनदा केला.

आता पाइप बाहेरून जातो, दिसतो. भिंत कोरडी, गुळगुळीत, पांढरी आहे. ज्या स्वच्छ भिंतीसाठी मी रंगवाल्याशी भांडलो, ती अखेर मिळाली. काल तिच्यासमोर ताट मांडले आणि अर्ध्या जेवणावरून उठलो.

हे पत्र घडी करून डब्यांच्या कपाटात ठेवणार आहे. तत्पूर्वी एक सांगणे आवश्यक आहे. आज दुकानाला सुटी होती. दुपारी डोक्याला तेल लावले, जे मी एरवी लावत नाही, आणि तुझ्या जागी भिंतीला टेकून बसलो. बराच वेळ बसलो. उठून पाहिले, डाग पडलेला नाही. उद्या दुकानातून आलो की पुन्हा बसेन.

तुझा थोरला
मंगरूळपीर
दिवाळीआधीचा रविवार