पुडिंगवरची मेणबत्ती

ख्राइस्टचर्च, जून २०१६

प्रिय आई,

मी बरी आहे, थंडीची काळजी करू नकोस.

बाबांचं गोडाचं जेवण तिकडे झालं असेल. पासपोर्ट व्हिसासाठी अडकल्याने मला येता आलं नाही, पण सुतक इथेही फिटायला हवं, म्हणून ऑफिसजवळच्या ब्रिटिश रेस्टॉरंटात गेले. बटाट्याचा थर देऊन भाजलेली भाजीची पाई खाल्ली, मग गरम टॉफी पुडिंग मागवलं. त्यात खजूर असतो. बाबांना आवडलं असतं गं.

"एकटीच? बर्थडे?" वेट्रेसनं विचारलं. खरं सांगवेना. मी मान डोलावली, तर तिनं वर मेणबत्ती लावून आणली.

मला फुंकर घालवेना. तू बाबांसाठी लावलेला दिवा मीच विझवल्यासारखं झालं असतं. ती संपेपर्यंत बसून राहिले.

तू गोडाचा घास घेतलास ना?

तुझी,
श्रिया