दोऱ्याला बांधलेला खडा

टीचर, आज सकाळी माझा मूतखडा पडला. इतक्या वर्षांनी लिहायला बसावं आणि सुरुवात ही. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या माणसाने निदान अश्मरी तरी म्हणावं, असं तुम्हीच सुचवलं असतं. आठ दिवस तुळिंजच्या या दोन खोल्यांत मी दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होतो. डॉक्टर म्हणाले, "भरपूर पाणी प्या आणि एका जागी बसू नका." आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी बसू नको म्हणालं. बायकोने चहाची गाळणी माझ्या हवाली केली आणि स्वयंपाकघरासाठी नवी आणली. तर त्या गाळणीत आज खडा आला. तिळाएवढा, तपकिरी, भिंगाखाली धरला तर त्याला टोकं दिसतात. दुखणं गेलं, तरी बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून आलो.

तुम्ही असतात तर पहिला प्रश्न आला असता, हे खनिज का? नववीच्या वर्गात तुम्ही बोटांवर मोजून दाखवलं होतं. निसर्गात आपोआप झालेलं हवं, सजीवाने केलेलं नको, घन हवं, घटक ठरलेले हवेत आणि आत कणांची मांडणीही ठरलेली हवी. मी मागच्या बाकावरून विचारलं, "मग बर्फ?"

"खनिज."

"आणि पाणी?"

"नाही."

"टीचर, हा अन्याय आहे."

"अन्याय तुझ्या न्यायशास्त्राकडे ने, शास्त्रीबुवा. माझ्याकडे फक्त विज्ञान आहे."

खडीसाखर माणूस करतो म्हणून बाद, मोती शिंपल्यातला जीव करतो म्हणून बाद. म्हणजे माझा खडाही बादच. हेच द्रव्य खडकात सापडलं तर खनिज, माझ्यात सापडलं तर नुसता त्रास.

संस्कृतात पहिला आणि विज्ञानात मी कच्चा, म्हणून दर शनिवारी सायकलने भुईगावला तुमच्या घरी यायचो. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या केळीच्या वाडीकडे उघडते. खिडकीत मरियामातेच्या मूर्तीशेजारी खाणीतला एक काळा दगड आहे. त्याच्या पोकळीत पांढरे स्फटिक. तुम्ही मासे साफ करता करता सांगता, की लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यात विरघळलेलं थोडं थोडं मागे उरत गेलं, त्याचे हे स्फटिक. "घाई कुणालाच नव्हती," तुम्ही म्हणता, आणि माझ्या हलणाऱ्या पायाकडे बघता. फळीवर काचेची बरणी आहे. तिच्यात मिठाचं दाट पाणी, आणि पाण्यात दोऱ्याला बांधलेला मिठागरातला एक चौकोनी खडा. पाणी आटेल तसा तो वाढणार, मग शाळेच्या प्रदर्शनात जाणार. "हात लावायचा नाही. बघायचं, तेही लांबून." प्रदर्शनाच्या आठवड्यात त्या जागी चिकट साबुदाण्यासारखा बारीक दाण्यांचा गोळा लोंबत होता. तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "चूक माझी. पाणी नीट गाळलं नाही मी." पुन्हा बरणी लावली नाहीत.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा भेटायला आलो होतो. मी शिक्षक झालो याचं तुम्हाला हसू येत होतं. "चाळीस पोरांना एका जागी बसवतोस? तू?" निघताना तुम्ही खिडकीतला काळा दगड माझ्या हातात दिलात. "घे. हा कितीही हलवलास तरी चालतो." मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलात. बसच्या धक्क्यांबद्दल म्हणत असाल असं समजून मी तो पिशवीत घातला, आणि निघालो. आज सकाळी त्याच दगडाशेजारी हा तीळ ठेवला आणि लक्षात आलं, की जन्मात मी हात न लावता वाढू दिलेला हा एकच स्फटिक, तोही आत आहे हे माहीत नव्हतं म्हणून. तेव्हापासून पुन्हा फेऱ्या सुरू आहेत. बायको म्हणते, "आता काय राहिलं?"

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, दगडाखाली राहील, तेव्हा लिहून टाकतो. पाणी तुम्ही नीटच गाळलं होतं, टीचर. तुम्ही वाडीत गेलात की मी दोरा वर ओढून बघायचो, किती वाढला ते. ओला खडा वाऱ्यावर धरला की त्यावर बारीक कण धरतात, आणि पुन्हा पाण्यात सोडला की तेच वाढत बसतात, हे मला पुढच्या वर्षी पुस्तकात सापडलं. तेव्हाही बोललो नाही. दर शनिवारी काढला. एकदा जिभेलाही लावून पाहिला.