इराच्या बाळंतपणाला कोण जाणार

॥ श्री ॥
रावपुरा, बडोदे
५ डिसेंबर २००८

ती. ताईस,
शरच्चंद्राचा सा. न. वि. वि.

काल मुंबईहून परतलो. व्हिसा नाकारला. फोनवर सांगितलं असतं तर तू हसली असतीस. पत्रात निदान मला ते ऐकू येणार नाही.

खिडकीपलीकडच्या गृहस्थाने विचारलं, की अमेरिकेतून तुम्ही परत याल कशावरून. घर आहे, पेन्शन आहे, एवढं सांगून सुटलो असतो. पण चाळीस वर्षं व्याख्यानं दिलेला माणूस मी. म्हणालो, सतरा वर्षांपूर्वी आम्ही दारं उघडली तेव्हा तुमची शीतपेयं, तुमच्या वाहिन्या, तुमची मक्याची न्याहारी थेट रावपुऱ्यापर्यंत आली. त्यांतल्या एकालाही आम्ही विचारलं नाही, की परत जाल कशावरून. माल मोकळा फिरतो आणि लेकीचा बाप खिडकीशी उभा राहतो, ही कसली मुक्त व्यवस्था? त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पासपोर्ट परत सरकवला. ताई, माझं म्हणणं आजही खरं आहे. पण इराच्या काही उपयोगाचं नाही.

तिला फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. जावयाच्या, ध्रुवच्या आईला अंथरुणावरच्या सासूबाईंना सोडून हलता येत नाही. ध्रुव दिवसभर कामावर, आणि माझी लेक एडिसनच्या त्या घरात एकटी भिंती बघत पडलेली. तू जाशील का? तुझ्या ब्रिटिश पासपोर्टला व्हिसा लागत नाही. मात्र पेपरात आलंय, की बारा जानेवारीपासून ज्यांना व्हिसा नको त्यांनाही निघण्याआधी इंटरनेटवर परवानगी काढावी लागेल. तेवढं विसरू नकोस.

थोरल्या बहिणीपुढे मागणं मागताना भाषण सुचत नाही. माया आहे ती तशीच ठेव.

तुझा
शरद


लेस्टर
१६ डिसेंबर २००८

चि. शरदास,
अहल्येचे अनेक आशीर्वाद.

जाईन म्हणजे काय, तिकीट काढलंसुद्धा. चार फेब्रुवारीचं. मला स्वतःला मूल झालं नाही, पण तीस वर्षं इथल्या प्रसूतिगृहात आयांच्या उशा सारख्या केल्या आहेत, बाळांना दुपट्यात गुंडाळलं आहे. इराला म्हणावं, आत्या येतेय, आता घाबरायचं काम नाही.

तुझ्या मुंबईच्या भाषणाला मी हसलेच, बराच वेळ. लहानपणी पाहुण्यांनी नाव विचारलं तर तू कविता म्हणून दाखवायचास. तेच झालं.

परवानगीचं मात्र तुझं उगीच काहीतरी. दहा वर्षांपूर्वी मी अमेरिकेला गेले तेव्हा विमानात एक हिरवा कागद भरायला दिला होता, बस. ज्याला व्हिसा लागत नाही त्याला पुन्हा परवानगी कशाची? जेवायला बोलावलेल्याने दारात पुन्हा विचारायचं का, की येऊ का? तरी तुझं समाधान होणार नसेल तर तूच भर. मला त्या कॉम्प्युटरमधलं कळत नाही. फोन कर, पासपोर्टचा नंबर वाचून दाखवते.

मेथीचे लाडू करून नेईन. विमानतळावर कोणी हात लावला तर तुझी बहीण काय आहे ते त्यांना कळेल.

तब्येतीला जप, आणि आठवण काढत जा.

ताई


रावपुरा, बडोदे
२ जानेवारी २००९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काम फत्ते. शेजारच्या धनाजीरावांची सून शलाका बँकेत आहे. तिला घेऊन कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेलो. तू फोनवर सांगितलेला नंबर मी वाचला, तिने टाइप केला. संसर्गजन्य रोग आहे का, अटक झाली होती का, हेर आहात का, असे प्रश्न. शलाका म्हणाली, "काका, कोण हो लिहील के हूं जासूस छूं?" पाच मिनिटांत पडद्यावर मंजुरी आली. दोन वर्षं चालेल. छापील कागद सोबत जोडला आहे.

एक गोष्ट मुद्दाम केली. जन्मतारखेच्या रकान्यात मी शाळेतली एक जून लिहिली नाही. हेडमास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांना एकाच दिवशी जन्माला घातलं, आणि आपला समाज ते खोटं निमूटपणे साठ वर्षं वाहतो आहे. आई सांगायची, कोजागिरीनंतर दोन दिवसांनी. जुन्या पंचांगातून मी कधीच काढून ठेवलं होतं: १८ ऑक्टोबर १९४०. तेच लिहिलं. निदान एका सरकारच्या दप्तरात माझी बहीण खऱ्या दिवशी जन्मली.

इरा फोनवर आता हसते. तू येणार म्हटल्यापासून दिवस मोजते आहे.

पोचल्याचं कळव, म्हणजे जिवाला स्वस्थता येईल.

शरद


एडिसन, न्यू जर्सी
७ फेब्रुवारी २००९

चि. शरदास,
अनेक आशीर्वाद.

पोचले, पण एक दिवस उशिरा. इराने तुला नुसतं ‘विमान चुकलं’ एवढंच सांगितलं, कारण मीच तिला तसं बजावलं होतं. आता खरं काय ते ऐक.

हीथ्रोला काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट यंत्रात घातला आणि म्हणाली, तुमची परवानगी सापडत नाही. मी तुझा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, पासपोर्ट वाचला, आणि बोट ठेवून दाखवलं: पासपोर्टवर एक जून, कागदावर अठरा ऑक्टोबर. त्यांच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. आणि अठरा ऑक्टोबरच्या बाईकडे पासपोर्ट नव्हता.

तुला दोष देत नाही. ती ओळ मी तीनदा वाचली होती. आई गेल्यापासून माझा खरा वाढदिवस कोणी उच्चारला नव्हता. त्या आनंदात तुझ्यासारखी मीही आंधळी झाले. पण त्या काउंटरपाशी डोळ्यांपुढे इरा आली, पोटावर हात ठेवून दाराकडे बघणारी.

त्या मुलीने मला एका कॉम्प्युटरसमोर बसवलं. पुन्हा नव्याने भरा, म्हणाली. माझ्यामागे रांग होती, तिला थांबता येत नव्हतं. शरद, मी एका बोटाने भरलं. प्रत्येक अक्षर शोधून. जन्मतारखेशी आले तेव्हा तुझी आठवण झाली, आणि एक जून लिहिलं. मंजुरी आली तोवर विमान उडालं होतं. दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली.

इराचा रक्तदाब काल उतरला. डॉक्टर म्हणाले, चांगलं चाललंय. लाडवांना कोणीही हात लावला नाही.

मनाला लावून घेऊ नकोस, एवढंच मागते.

ताई


रावपुरा, बडोदे
१७ फेब्रुवारी २००९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि संध्याकाळचं वासणा भागातलं व्याख्यान रद्द केलं. विषय होता ‘सत्याचा आग्रह’. कोणत्या तोंडाने उभा राहणार होतो?

माझं मत बदललेलं नाही. एक जून खोटंच आहे. पण लढायचं तर मी माझ्या तारखेवर लढायला हवं होतं. माझीही शाळेतली एक जूनच आहे, आणि मुंबईच्या अर्जात मी ती मुकाट्याने लिहिली होती. तत्त्व माझं आणि विमान तुझं चुकलं. जन्मभर ज्या ढोंग्यांना मी व्यासपीठावरून झोडपलं, त्यांच्याच रांगेत आज बसलो आहे. माफ कर.

व्हिसासाठी पुन्हा अर्ज करतोय, एप्रिलची तारीख मिळाली आहे. शलाका रोज संध्याकाळी साहेब होऊन मला प्रश्न विचारते आणि दुसरं वाक्य सुरू केलं की टेबलावर चमचा वाजवते. "काका, जवाब एकज लाइनमां." काल पहिल्यांदा जमलं.

इराला सांग, तिचा बाप एका वाक्यात बोलायला शिकतो आहे.

रागावली असशील तर ओरड, पण लिहीत राहा.

शरद


एडिसन, न्यू जर्सी
१ मार्च २००९

चि. शरदास,
अनेक आशीर्वाद.

नात झाल्याचं तुला त्याच दिवशी फोनवर कळलं. फोनवर जे बोलले नाही ते लिहिते.

इथे प्रसूतीच्या खोलीत दोघांनाच राहू देतात. ध्रुव एक. दुसरं कोण, म्हणून नर्स कागद घेऊन आली आणि इराचं माझ्याशी नातं विचारू लागली. मी आत्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कळांच्या मध्येच इरा बोलली. "माझी आई आहे," म्हणाली.

नर्सने तसं लिहिलं. कागद माझ्यापुढे सही करायला आला. मी चष्मा लावून तो नीट वाचला, शरद, आणि सही केली.

नंतर अकरा तास तिचा हात माझ्या हातात होता. मुलगी रडली तेव्हा नर्सने तिला आधी माझ्याकडे दिलं, दुपट्यात गुंडाळायला. तीस वर्षं हेच केलं, पण त्या दिवशी गाठ दोनदा सुटली.

मी एप्रिलअखेरपर्यंत आहे. तू आलास की बाळाला तुझ्या मांडीवर ठेवून मगच निघेन.

तिघींचे तुला आशीर्वाद आणि नमस्कार. कोणाचे काय, ते तूच ठरव.

ताई