डावीकडचा आरसा

बेलिंजन, जत्रेचं मैदान
मंगळवार

प्रिय कोराली,

‘प्रिय’ लिहून पाच मिनिटं पेन हातात धरून बसले होते. खोडावं की ठेवावं ते ठरेना. शेवटी ठेवलं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवते आहे. फाडायचं असेल तर वाचून मग फाड.

इथे अकरा दिवस पाऊस आहे. कॅरव्हानची चाकं निम्मी चिखलात, आत आमचा पलंग दमट, मागचं कामाचं टेबल दमट, आणि घोड्यांच्या फाटक्या झुलींचा ढीग छताला टेकलेला. पाऊस लागला की झुली फाटतात आणि खोगिरांचे टाके कुजतात. त्यावरच डेसचं आणि माझं, आम्हा नवराबायकोचं, वीस वर्षं चाललं आहे, त्यामुळे पावसाला शिव्या द्यायची सोय नाही. पण तुला हवामान सांगायला पत्र लिहीत नाहीये. मॅक्सव्हिलला कपडे धुण्याच्या खोलीत मी तुला जे बोलले, ते सात-आठ जणांनी ऐकलं. मी ते का बोलले, ते मात्र कुणीच ऐकलेलं नाही. तेव्हा आधी माझी बाजू ऐक. मी वेडी नव्हते, कोराली. माझ्याकडे पुरावे होते.

तुझा नवरा टेड गेल्यापासून सहा वर्षं तू आमच्यासोबत फिरतेस. तू कात्र्यांना आणि लोकर कापायच्या यंत्रांना धार लावतेस, आम्ही शिवतो, आणि एका शेतकी जत्रेतून दुसरीकडे तिघं मिळून जातो. क्रम ठरलेला: पुढे डेस कॅरव्हान ओढत, मध्ये मी माझ्या छोट्या गाडीत, शेवटी तू. मार्चमध्ये मी आमच्या लेकीच्या, ट्रेसीच्या बाळंतपणाला टॅमवर्थला गेले आणि तीन आठवड्यांनी परतले, तर क्रम बदललेला. तू सर्वांत पुढे, तुझ्या मागे डेस, आणि मी शेपटाला. “कोरालीची गाडी उंच आहे, रस्त्यावर पाणी किती ते तिला आधी कळतं,” डेस म्हणाला. पटण्यासारखं होतं. इतकं पटण्यासारखं डेस एरवी काही बोलत नाही, तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

मग मी बघायला लागले. जेवताना डेस वर्षानुवर्षं माझ्या उजव्या हाताला बसायचा. आता तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे डावा खांदा करून, थेट तुझ्यासमोर. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जायची. आणि त्याचे टाके! अख्ख्या किनाऱ्यावर खोगिराचा टाका डेससारखा सरळ कुणाचा नाही, हे तूच गिऱ्हाइकांना सांगायचीस. ग्लॉस्टरच्या त्या बाईचं खोगीर मी हातात घेतलं, तर शिवण डावीकडे कलत गेलेली. मी ते उसवून पुन्हा शिवलं. माणसाचं मन दुसरीकडे असलं की हात भरकटतो, असं मला वाटलं. ते मन कुठे आहे ते मी ठरवूनच टाकलं होतं.

वॉचोपला तुम्हा दोघांना घोड्यांच्या शेडमागे पाहिलं. मी तुला भट्टीतून काढलेले भोपळ्याचे स्कोन, ते छोटे पाव, द्यायला येत होते, गरम होते म्हणून पळत. तुझी माझ्याकडे पाठ होती. डेस उलट्या बादलीवर बसलेला, तोंड वर केलेलं, आणि तुझे दोन्ही हात त्याच्या गालांवर. तू वाकलेली. मी आल्या पावली परत गेले आणि सगळे स्कोन एकटीने खाल्ले. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, तेव्हा तू माझ्यासाठी आल्याचा चहा घेऊन आलीस. तो चहा मी तू वळल्यावर गवतात ओतला. आता सांगते.

आणि गाड्यांमधला एकमेकांशी बोलायचा रेडिओ. आपण कॅरव्हानवाले सगळे अठरा नंबरवर बोलतो. डेस आंघोळीला गेला असताना मी नकाशा आणायला त्याच्या गाडीत डोकावले, तर त्याचा रेडिओ सव्वीसवर. केम्पसी सोडल्यावर मीही हळूच सव्वीस लावला. तुझाच आवाज आला. “नोलीनला अजून काही कळलं नाही ना?” मग डेस: “नाही. डॉरिगोची जत्रा होऊ दे, मग सांगतो तिला.” आणि तू: “किती दिवस लपवणार आहेस, राजा? तिच्याकडे बघून हसायचं, चहा प्यायचा, मला नाही जमत आता हे.” तू गॅसचा सिलिंडर देणाऱ्यालाही राजा म्हणतेस, ठाऊक आहे मला. पण त्या वेळी कानात गरम तेल पडल्यासारखं झालं. मी रेडिओ बंद केला. आणखी दोन मिनिटं ऐकला असता, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

धुण्याच्या खोलीतलं तुला पाठ असेल. “स्वतःचा नवरा पुरून झाला, आता माझ्या नवऱ्यावर डोळा आहे का?” हे शब्द माझ्या तोंडून गेले. चादर पिळता पिळता तुझे हात थांबले. तू एकदा दाराकडे पाहिलंस, तिथे डेस उभा होता, आणि मग तू काहीही न बोलता ओल्या चादरी बादलीत भरल्यास आणि गेलीस. मला वाटलं, बोलायला तोंड उरलं नाही म्हणून गेली. तू त्याच्याकडे परवानगी मागत होतीस आणि त्याने ती दिली नाही, हे मला आठ दिवसांनी कळलं. सकाळी तुझी जागा रिकामी होती. डेस तिथे जाऊन नुसता उभा राहिला, पावसात. मला राग आला आणि, लपवत नाही, बरंही वाटलं.

मग आम्ही दोघंच बेलिंजनला निघालो. डेस पुढे, मी मागे. त्याची डावी चाकं तीनदा डांबरावरून खाली मऊ मातीत उतरली. एकदा तर कॅरव्हान अशी कलली की मी मागे करकचून ब्रेक दाबला. तरी मनात काय आलं, सांगू? तिच्या आठवणीत बुडालाय मेला, म्हटलं. रडत असेल.

इथे मैदानावर पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. जागा अरुंद, मागे पाण्याच्या टाकीचा सिमेंटचा कट्टा. उजवी बाजू डेसला स्वतःलाच दिसते, म्हणून मी वीस वर्षं मागे डाव्या अंगाला उभी राहून हात हलवते आणि तो डावीकडच्या आरशात बघून येतो. तशीच उभी राहिले. ये, ये, ये, आणि मग दोन्ही हात वर करून थांब. तो थांबला नाही. मी ओरडले. पत्र्यांवर पाऊस इतका, की माझा आवाज मलाच आला नाही. त्याने मान वळवून डावीकडच्या आरशातून थेट माझ्याकडे पाहिलं. पाहिलं, आणि मागेच येत राहिला. माझ्या पाठीला कट्टा लागला. कोराली, लाज वाटते पण लिहिते: त्या क्षणी मला वाटलं, हा मला मुद्दाम चिरडतोय. तुझ्यासाठी. मी चिखलात आडवी उडी टाकली आणि कॅरव्हानचा कोपरा कट्ट्याला भिडून खाडकन आवाज झाला.

डेस उतरून धावत आला, तो चुकीच्या बाजूला. “नोली! नोली, कुठे आहेस? तू कुठे उभी होतीस?” मी त्याच्या डाव्या हाताला, चार पावलांवर, चिखलात बसलेले होते. त्याला मी दिसत नव्हते. मग समजलं. सगळं एकदम समजलं: चहा, टाके, भिंतीकडचा खांदा, बादलीवर बसून वर केलेलं तोंड. तू त्याच्या डोळ्यांत थेंब घालत होतीस.

काचबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा आहे, उजव्याची नजर कडांकडून अरुंद होत चाललीय. मी ट्रेसीच्या बाळंतपणाला गेले असताना तू त्याला टारीच्या डॉक्टरकडे नेलंस, हे त्याने त्या चिखलात बसूनच सांगितलं. आणि सव्वीसवर तुम्ही काय बोलायचात तेही. डावीकडे कड खचलीय, आता पूल आहे, समोरून लाकडांचा ट्रक येतोय, मधे घे राजा. तीन महिने तू त्याचा डावा डोळा झालीस, आणि मी तुला हाकलून दिलं. मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस? मी काय मेले होते?” तो म्हणाला, “तू मला ट्रेसीच्या मागच्या खोलीत नेऊन बसवलं असतंस. गेल्या वर्षापासून वाटच बघतेयस. दर पावसात म्हणतेस, दोघांपैकी एकाचं गाडी चालवणं सुटलं की दुसऱ्या दिवशी टॅमवर्थ.” ते खरं होतं. मला कोरडी फरशी हवी होती. मी त्याच्यावर संशय घेत होते, तेव्हा तोही माझ्यावर घेत होता, आणि त्याचा संशय बरोबर होता.

तुझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही, हेही लिहिते. अशा डोळ्यांच्या माणसाला तू पावसात गाडी ओढू दिलीस आणि मला सांगितलं नाहीस. समोरून कुणाची पोरंबाळं येत असती तर? आणि तुझ्या त्या ‘राजा’त थोडं काही जास्त होतं का, हे मी विचारणार नाही. असेल तर तुझ्यापाशीच ठेव. मला त्याचं उत्तर नको आहे.

गुरुवारी कॉफ्सच्या डॉक्टरने डेसला गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. त्याने किल्ली आणून माझ्या शिलाई मशीनवर ठेवली आणि बाहेर जाऊन झुली वाळतात का ते बघत बसला, अशा पावसात. शनिवारी ट्रेसी आणि जावई कॅरव्हान ओढून टॅमवर्थला न्यायला येणार आहेत. मी फोनवर हो म्हणाले आहे. पण डेस तेव्हापासून धड जेवलेला नाही, आणि मी ती किल्ली एप्रनच्या खिशात घालून फिरते आहे. टेड गेला तेव्हा डेसने तुला याच मैदानावर रिकाम्या डब्यांच्या रांगेतून कॅरव्हान मागे घ्यायला शिकवलं होतं. मी दारातून पाहत होते. तर आता तू शुक्रवारच्या आत ये आणि मला शिकव. मी वीस वर्षं नुसते हात हलवलेत. डॉरिगोच्या जत्रेत धुण्याच्या खोलीतले निम्मे लोक असतील. तिथे सगळ्यांसमोर मी तुझी माफी मागेन, मोठ्याने. डॉरिगोच्या घाटात तू पुढे, मी कॅरव्हान घेऊन मागे. माझी छोटी गाडी इथेच राहील. डेस माझ्या शेजारी बसेल, आणि वर पोचल्यावर मागे उभा राहून हात हलवेल. समोरचं त्याला अजून दिसतं. आली नाहीस, तर शनिवारी मी त्याला त्या मागच्या खोलीत नेऊन बसवेन, आणि ते मी केलेलं असेल. माझा रेडिओ सव्वीसवर आहे.

तुझीच,
नोलीन