उदक सोडलेला तांदूळ

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८२१. कल्याण.
ठाण्याचं बिऱ्हाड आवरून आज इथे पोचलो. घर मला फार आवडलं. खाली मिठाच्या व्यापाऱ्याचं रिकामं गोदाम, वर आमच्या दोन खोल्या. मागल्या खिडकीतून खाडी दिसते. भिंतींना मिठाची ओल आहे, पण चूल नवी घातलेली आणि देवांना पूर्वेचा कोनाडा. देव मांडले, दूध उतू घालवलं.

दुष्काळात आईबाप गमावलेली नगरकडची पोरं गोदामात आणून ठेवली आहेत. तिथली कारकुनी आता आमच्या यजमानांकडे आली. पोरांच्या वजनांची टिपणं मी ठेवायची. एवढी मॅट्रिकपर्यंत शिकलीस, आता वाण्याचा हिशेब सोडून दुसरंही काही लिही, असं इकडून हसून म्हणणं झालं.

मार्गशीर्ष वद्य द्वितीया
पोरांना तपासायला डॉक्टरसाहेब ठाण्याहून रेल्वेने येतात. माणूस वाईट नाही, पोरांना रेवड्या आणतो. त्यांनी दोन पंगती केल्या आहेत. दाराकडच्या पंगतीला नाचणी, डाळ, भाजी आणि सुकट. खिडकीकडच्या पंगतीला रंगूनच्या गिरणीतून आलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळाची पेज, मीठ घालून. दोन्हीकडे पोटभर. नुसत्या तांदळावर पोर तगलं, तर पुढच्या दुष्काळात सगळीकडे तसंच देता येईल, असं ते म्हणतात. म्हणून एका पंगतीचं पोर दुसरीत जेवता कामा नये, हे मला बजावून सांगितलं.

रांधायला गंगुबाई आहे, इथलीच आगरी. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, का गो मॅट्रिक बाय, तुझ्या बुकान पेज शिजते का? मी म्हटलं, शिजते, पण मीठ तुलाच घालावं लागतं. तेव्हापासून आमचं जमलं.

खिडकीच्या पंगतीत शेवटी मालन बसते. सहा-सात वर्षांची असेल. माझा पदर धरून तिने विचारलं, की उद्यापण जेवायचं आहे का? हो म्हटल्यावर म्हणाली, मग आज अर्धंच वाढ, उरलेलं उद्याला ठेव.

मला मूल नाही. डॉक्टरांचं काम चैत्रात संपेल, तेव्हा मालनला वर घरात आणू का, असं मी घाबरत घाबरत विचारलं. इकडून होकार झाला. रात्रभर झोप आली नाही, आनंदाने.

मार्गशीर्ष वद्य एकादशी
आज पहिली वजनं झाली. गोदामात मिठाचा मोठा काटा तुळईला टांगलेला आहे. लोखंडी वजनं पुरेनात, म्हणून एका पारड्यात पोर आणि दुसऱ्यात रंगुनी तांदळाच्या पिशव्या, असं जमवलं.

मला मामंजींच्या आजारपणातली तुळा आठवली. धान्याने जोखून ते धान्य दान केलं, की त्याबरोबर माणसाची पीडा जाते. मग माझ्याने राहवेना. दोन्ही पंगतींतल्या प्रत्येक पोराच्या तांदळावर मी पळीभर उदक सोडलं आणि म्हटलं, देवा, या लेकराची पीडा घेऊन जा.

आता हा तांदूळ कोणाला देणार, असं गंगुबाईने विचारलं. मी विचार केला, या दिवसांत या पोरांहून गरजू कोण? चांगलं धान्य दाराबाहेर का घालवायचं? तो सगळा खिडकीच्या पंगतीच्या पेजेत लावला. दान झालं आणि जिन्नसही घरात राहिला. गंगुबाई नुसता डाव विसळत राहिली. आता दर खेपेला असंच करायचं ठरवलं.

पौष शुद्ध त्रयोदशी
खिडकीच्या पंगतीची वजनं वाढली. डॉक्टर खूश. मालनचे गाल भरले आहेत. मी तिला गुबगुबीत म्हटलं आणि लगेच दृष्ट काढली.

पौष वद्य नवमी
दाराकडची पोरं दिवसभर हुंदडतात, काठ्यांचे घोडे करतात. खिडकीकडची भिंतीला टेकून बसतात. मालन पेज अर्धीच खाते. उद्याला ठेवू का, असं विचारलं, तर नको म्हणाली. भूक नाही म्हणे. दुष्काळातून आलेलं पोर, आणि भूक नाही.

दुपारी तिच्या पायांना तेल लावत होते. नडगीवर अंगठा दाबला तिथे खळगा पडला. अंगठा उचलला, तरी तो तसाच राहिला. ओल्या मातीत राहावा तसा.

माघ शुद्ध चतुर्थी
रघु गेला. खिडकीच्या पंगतीतलं सगळ्यांत वजनदार पोर. सकाळी तोलला, पारडं दाणकन खाली आलं. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. जेवणाच्या वेळी तो पानावरच कलंडला. उचलताना पाहिलं, मांस कुठेच नव्हतं. सगळं पाणी.

गंगुबाई पेज ढवळता ढवळता म्हणाली, बाय, ज्याची तुळा त्यालाच खाऊ घातली, तं पीडा जाईल कुठं? नि दुसऱ्या पंगतीची पन त्यातच घातलीस.

मी जिन्यावर बसून राहिले.

माघ शुद्ध पंचमी
डॉक्टरांना विनवलं, खिडकीच्या पंगतीला डाळ द्या. निदान मालनला तरी दाराकडे बसवू द्या. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, की एक पोर हललं तर सगळं काम फुकट जाईल, चैत्रापर्यंत थांबा. वर येऊन सांगितलं, तर इकडून मान खाली घालून बोलणं झालं, की नोकरी गेली तर मालनला आणायचं कुठे?

थांबले. देवा, मी थांबले.

माघ वद्य तृतीया
पंढरी गेला. रतन गेली. रघु गेल्यापासून मी उदक सोडत नाही. सोडलेला तांदूळ कधीच संपला, कोठीत दुसरा आला. पण एकदा पोटात गेलेलं—

भर दुपारी काट्याची करकर ऐकून खाली गेले. पोरं निजलेली. पोर बसवतो ते पारडं खाली टेकलेलं, आणि आत कोणी नाही. समोरच्या पारड्यात पिशव्या ठेवून पाहिल्या. बरोबर रघुच्या वजनाला दांडी सरळ झाली.

डॉक्टर म्हणाले, गंज. लोखंडी वजनांनी तपासलं, तेव्हा काटा अचूक होता.

माघ वद्य अष्टमी
मालनला उभं राहता येत नाही. मला बोलावून हळूच म्हणाली, रघुला सांग ना, माझ्या शेजारी चेपून बसू नको. ओलं लागतं.

माघ वद्य दशमी
देवळात गुरुजींना विचारलं. सोडलेलं उदक परत घेता येत नाही. मात्र कोणी जाणूनबुजून ती तुळा आपल्या हातात घेतली आणि खाल्ली, तर पीडा घेणाऱ्याकडे जाते, असं ते म्हणाले. कोणासाठी विचारता? मी म्हटलं, सहज.

माघ वद्य एकादशी
मालनला पुन्हा तांदळाने जोखलं. उदक गंगुबाईने सोडलं. मी पदर पसरून तो तांदूळ घेतला. तिचं नाव घेऊन घेतला. मग मालनला उचलून दाराकडच्या पंगतीत नेलं आणि नाचणीची आंबील भरवली. डॉक्टर उद्या आले की काय म्हणायचं ते म्हणोत. आज एकादशी असून मी त्या तांदळाचा भात खाल्ला. जन्मात पहिल्यांदा. मीठ घातलं होतं तरी चव लागेना.

माघ वद्य द्वादशी
डॉक्टर फार रागावले. इकडून मात्र मध्ये उभं राहणं झालं. पोर तिथेच जेवेल, असं त्यांना सांगितलं. एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

जोडवी रुतत आहेत.

माघ वद्य त्रयोदशी
मालनने आंबील मागून घेतली. मागून.

जोडवी गंगुबाईने कापून काढली. ती रडत होती. मी तिला म्हटलं, अगं, त्यात रडायचं काय.

फाल्गुन शुद्ध द्वितीया
पिशवी मालनच्या एकटीच्या वजनाची होती. पण तिच्या पोटात सगळ्यांचंच गेलं होतं ना— रघुचं, रतनचं, दाराकडच्यांचंही. मी एकटीची पीडा म्हणून घेतली, आली सगळ्यांची.

जिन्यावर पावलं. ओली. एकामागून एक. इकडून म्हणणं होतं, की कोणी नाही.

फाल्गुन शुद्ध तृतीया
इकडून ठाण्याला दुसऱ्या डॉक्टरांना आणायला जाणं झालं आहे. मी थांबा म्हटलं असतं, पण—

मालन भिंत धरून वर चढून आली. सगळा जिना. दारात उभी राहून म्हणाली, आई, भूक लागली. आई म्हणाली.

मला उठून वाढता येईना. शिंकाळ्यातली भाकरी तिनेच काढून घेतली. खाते आहे. सगळी खाते आहे, उद्याला ठेवत नाही.

खाली काटा करकरतो. ऊन लख्ख आहे. तिच्या मागे दारात ती सगळी— रघु पुढे. तोलायची वेळ झाली, म्हणून मला न्यायला आली असतील. येते रे बाळांनो, तिचं खाणं होऊ द्या—

मालन वर बघत नाही. बरं झालं.

रघुने हात धरला. गार नाही. मऊ आहे, भरलेला. मी धीर द्यायला जरा दाबला, तर खळगा तसाच रा—